नौपाड्यातलं घर: पालकत्वाखाली झालेल्या एका विक्रीचं प्रकरण

ठाण्याच्या नौपाड्यात १९८३ सालची एक सोसायटी, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर ४८० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट. शेअर सर्टिफिकेटवर दोन नावं, पहिलं अण्णांचं, दुसरं माईंचं. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. अडचणींचा क्रम आणि हिशेबाची जातकुळी तशीच ठेवली आहे.

अण्णा ८२ वर्षांचे, रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त. २०२१ मध्ये अल्झायमरचं निदान झालं. माई ७७ वर्षांच्या. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, समज शाबूत राहिली. मुलं तीन. थोरली पुण्यात, मधला न्यू जर्सीत, धाकटा घोडबंदर रोडला. रोजचं बघायचं ते धाकटा आणि त्याची बायको बघत होते.

खर्च असा. रुग्णसेवा ब्यूरोकडून दिवसाची एक आणि रात्रीची एक अशी दोन माणसं, मिळून महिन्याला ५४ हजार. औषधं, डायपर, फिजिओथेरपी आणि घरखर्च धरून आकडा ९० हजारांवर जायचा. अण्णांचं पेन्शन ३८ हजार. बाकीची तोंडमिळवणी एफडी मोडून चालली होती, आणि एफड्या संपत आल्या होत्या. त्यात तिसरा मजला. माईंना न्यूरॉलॉजिस्टकडे न्यायचं तर चार माणसं आणि एक खुर्ची लागायची. अण्णांना एकदा खाली उतरवलं की परत वर चढायला ते तयार नसत. हे आपलं घरच नाही म्हणायचे.

घर विकायचं आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत, धाकट्याच्या जवळपास, भाड्याने राहायचं, हे तिन्ही मुलांना तत्त्वतः मान्य होतं. मुलं सल्ल्यासाठी माझ्याकडे आली तेव्हा सगळी भिस्त एका कागदावर होती. २०२२ मध्ये अण्णांनी धाकट्याच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं, विक्रीच्या अधिकारासह. खरेदीदारही सापडला होता, टोकन घेऊन झालं होतं. खरेदीदाराचं गृहकर्ज मंजूर करणाऱ्या बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: मुखत्यारपत्र देणारे गृहस्थ आज कसे आहेत?

तिथेच गाडी अडली. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१: मुखत्यारी देणारा विकल मनाचा झाला, म्हणजे समज गमावून बसला, की मुखत्यारी संपते. म्हणजे हा कागद ज्या दिवसासाठी लोक करून ठेवतात, नेमका त्या दिवशी तो कुचकामी होतो. शुद्धीत असताना दिलेले अधिकार शुद्ध गेल्यावरही चालू राहतील, अशा मुखत्यारपत्राची सोय इंग्लंड-अमेरिकेत आहे. आपल्याकडे नाही. इथे तर आणखी एक मेख होती. निदान २०२१ चं, मुखत्यारपत्र २०२२ चं. सही केली त्या दिवशी तरी अण्णांना ते समजत होतं का, असा प्रश्न उद्या कोणीही उकरून काढू शकला असता.

मग इस्टेट एजंटने त्याच्या परीने तोडगा काढला. "दुपारी चारनंतर अण्णा जरा बरे असतात ना? तेव्हा रजिस्ट्रार ऑफिसला घेऊन जाऊ. नाव विचारलं तर सांगतात की ते." हा सल्ला ठाण्यात काय, कुठेही मिळतो. त्याला कायद्याचा आधार अगदीच नाही असंही नाही. करार कायद्याचं कलम १२ म्हणतं की एरवी विकल असलेला माणूस मधल्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो. पण त्या क्षणी शुद्ध होती हे सिद्ध करण्याचं ओझं तसं म्हणणाऱ्यावर येतं. तीन वर्षं अल्झायमरची औषधं घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते कोण आणि कशाने सिद्ध करणार? शिवाय नोंदणी कायद्याच्या कलम ३५ नुसार समोरचा माणूस दुय्यम निबंधकाला विकल वाटला तर त्याने नोंदणी नाकारायची असते. त्याने डोळेझाक केली तरी खरेदीदाराच्या डोक्यावर टांगती तलवार राहतेच. मी टोकन परत करायला सांगितलं. एजंटला राग आला, आणि त्याच्या जागी तो रास्तच होता.

आता अण्णांच्या वतीने सही करायला पालक नेमून घ्यायचा तर कुठे? इथे कायद्यात खरोखरीचं भगदाड आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी पालक आणि व्यवस्थापक नेमून घेण्याचं एक अख्खं प्रकरण होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो कायदा रद्द केला आणि मालमत्तेचा विषय नव्या कायद्यात आलाच नाही. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा अज्ञान मुलांसाठी. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. उतारवयातला स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १४ मर्यादित पालकाची तरतूद करतं, पण तो पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी मिळून निर्णय घ्यावेत अशी तिची मांडणी आहे. अण्णांच्या बाबतीत मिळून घेण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

त्यामुळे राहतो तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचा रिट अर्ज. ज्याचं पाहायला कायद्यात कोणी नाही त्याचं पालकत्व शेवटी न्यायालयाकडे, या जुन्या तत्त्वावर उच्च न्यायालयं असे आदेश देतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या: वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, महसूल अधिकाऱ्याकडून चौकशी, मालमत्तेची पूर्ण यादी, ठरावीक मुदतीने हिशेब. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं आणि देखरेखीचं काम राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे दिलं. आमच्या सगळ्यात जवळचा निकाल मद्रास उच्च न्यायालयाचा, मे २०२४ चा. कोमातल्या पतीची मालमत्ता विकायची परवानगी एकल न्यायमूर्तींनी नाकारली होती, दिवाणी न्यायालयात जा म्हणून. खंडपीठाने ते फिरवलं, पत्नीला पालक नेमलं, विक्रीला परवानगी दिली आणि अट घातली की ५० लाख रुपये पतीच्या नावे मुदत ठेवीत राहतील. व्याज पत्नीने काढावं. परवानगीपेक्षाही मला ही अट मोलाची वाटते. विक्रीतून आलेला पैसा कोणाचा, याचं उत्तर तिच्यात आहे.

आमच्याकडे नेमका तोच वाद होता, फक्त तो कोणी वाद म्हणून मांडला नव्हता.

मुलांची इच्छा होती की एकाच अर्जात दोघांसाठीही पालक नेमून घ्यावा. "माईला बोलता येत नाही, सही करता येत नाही, मग काय फरक?" हे धाकटा म्हणाला, आणि त्यात लबाडी काही नव्हती, रोज दोघांचं करून तो थकला होता. मी माईंना भेटायला गेलो. टोकन घेतलं त्याच वेळी तयार केलेला साठेकराराचा मसुदा थोरलीने त्यांना वाचून दाखवला. रकमेपर्यंत माई मान हलवत होत्या. "सदर रक्कम मुखत्यारांच्या खात्यात जमा करण्यात येईल" या ओळीवर त्यांनी डावा तळवा कागदावर ठेवला आणि उचलेनात. थोरलीने पुढचं वाचायला घेतलं तरी हात तिथेच. धाकटा समजावू लागला, खर्च मीच करतो म्हणून तसं लिहिलंय. माईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग अण्णांच्या कॉटकडे, मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. पैसे आमच्या नावावर. खोलीतल्या कोणालाही ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

ज्या बाईला करारातलं नेमकं कलम खटकतं तिला विकल ठरवायला मी तयार नव्हतो. वाचा जाणं आणि समज जाणं यांची गल्लत घरोघरी होते, दवाखान्यातसुद्धा होते, आणि पालकत्वाच्या अर्जात ती झाली की एक जितंजागतं माणूस कागदावरून पुसलं जातं. माईंसाठी न्यूरॉलॉजिस्टचं आणि वाचा-उपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र घेतलं: समजतं, होकार-नकार खात्रीने देता येतो, लिहिता-बोलता येत नाही. पालक फक्त अण्णांसाठी, आणि अण्णांच्या अर्ध्या हिश्शापुरता.

मधल्याचा आक्षेप वेगळा होता, आणि तो वरवरचा नव्हता. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू होती. थांबलो तर नव्या इमारतीत जादा क्षेत्र मिळेल, लिफ्ट येईल, विकासकाकडून एकरकमी पैसे म्हणजे कॉर्पस मिळेल. आत्ता विकणं म्हणजे सोन्याची कोंबडी विकणं. व्हिडिओ कॉलवर त्याने एक्सेल शीट उघडून दाखवली. आकडे चुकीचे नव्हते. पण त्या शीटमध्ये वर्षांना वय नव्हतं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांनुसार सर्वसाधारण सभा, सल्लागाराची नेमणूक, निविदा, विकासकाची निवड, करार, महापालिकेच्या परवानग्या, मग घर रिकामं करणं आणि बांधकाम. सगळं सुरळीत झालं तरी अण्णा नव्वदीच्या जवळ जातील. तोवर महिन्याचे ९० हजार कुठून आणायचे, या रकान्यात त्याने "आपण तिघं" असं लिहिलं होतं. थोरलीने शांतपणे विचारलं, गेल्या वर्षी तू किती पाठवलेस? पुढचा अर्धा तास मी फोन घेण्याच्या निमित्ताने गॅलरीत होतो.

शेवटी त्याने ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र दिलं. न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन ते यायला वेळ लागला. त्यात एक वाक्य त्याच्या आग्रहावरून घातलं: पुनर्विकासाची शक्यता न्यायालयासमोर मांडली जावी. ते घातलं हे बरंच झालं, कारण तो प्रश्न सुनावणीत निघालाच.

उलटेही पर्याय तपासले होते. फ्लॅट भाड्याने द्यावा तर बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्याचं भाडं नव्या जागेच्या भाड्यातच जिरलं असतं. उलट गहाण (घर बँकेकडे गहाण ठेवून दरमहा पैसे) घ्यावं तर गहाण ठेवायलाही अण्णांची सही, म्हणजे पुन्हा तोच अर्ज; शिवाय ते घर राहतं असावं लागतं, आणि जिना होता तिथेच राहिला असता.

जूनमध्ये अर्ज दाखल झाला. पालक म्हणून थोरली आणि धाकटा, दोघं संयुक्त. एकट्या धाकट्याचं नाव घालायला मी नको म्हटलं. त्याच्यावर अविश्वास नव्हता, पण एकट्याने केलेल्या हिशेबावर पुढे संशय यायचाच. मागण्यांमध्ये पालकाच्या नेमणुकीबरोबर विक्रीची स्पष्ट परवानगी, फ्लॅटच्या वर्णनासकट, वेगळी मागितली. नुसत्या नेमणुकीच्या आदेशावर कोणत्याही बँकेचा वकील कर्ज मंजूर करत नाही.

न्यायालयाने सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून अहवाल मागवला. अण्णांना खुर्चीवरून खाली आणलं, रुग्णवाहिकेने नेलं. वार, महिना, पंतप्रधान, शंभरातून सात वजा. एकाचंही उत्तर नाही. मग एका डॉक्टरांनी सहज विचारलं, आजोबा, तुमच्या घराची किंमत किती? "शहाऐंशी हजार," अण्णा ताबडतोब म्हणाले. "त्यातले बावीस सोसायटीकडून कर्ज." हिशेब बरोबर होता, १९८३ चा. घराचे व्यवहार न समजण्याइतपत तीव्र स्मृतिभ्रंश, असं मंडळाने लिहिलं. विधी सेवा प्राधिकरणाकडून एक वकीलबाई घरी येऊन गेल्या. त्यांनी अण्णांची गादी, पाठीवरची कातडी, औषधांचा डबा पाहिला आणि माईंशी बंद दाराआड पाऊण तास काढला.

नोव्हेंबरमध्ये आदेश झाला. विक्री सरकारमान्य मूल्यांकनापेक्षा कमी किमतीत नको. अण्णांचा हिस्सा अण्णांच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. व्याज त्यांच्या देखभालीसाठी पालकांनी काढायचं. मुदलाला हात लावायचा तर वर्षाला ३ लाखांपर्यंत, त्यापुढे न्यायालयाची परवानगी. दर सहा महिन्यांनी हिशेब. ही ३ लाखांची मुभा आम्ही अर्जातच मागितली होती, महिन्याच्या खर्चाचा तक्ता जोडून. ती मागायची लोक विसरतात आणि मग डायपरच्या पैशांसाठी पुन्हा उच्च न्यायालयात जावं लागतं.

किमतीचं थोडक्यात: मूल्यांकन १ कोटी ८ लाख. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दर, त्याच्या बराच खाली. धाकट्याच्या मेहुण्याने १ कोटी १० लाख देऊ केले, रोख तयार, घरातल्या घरात, दलाली वाचते. आकडा मूल्यांकनापेक्षा जास्त असूनही मी नको म्हणालो. पालकाच्या बायकोचा भाऊ खरेदीदार असणं आज कितीही सरळ असलं, तरी पुनर्विकास होऊन त्या जागेचे दीड-दोन कोटी झाले की ते सरळ दिसत नाही. बाहेरच्या एका जोडप्याने १ कोटी १२ लाख दिले. सोसायटीच्या कमिटीने हस्तांतर प्रीमियम म्हणून भलताच आकडा सांगितला. महापालिका हद्दीत कमाल मर्यादा २५ हजार आहे हे लेखी कळवल्यावर तो खाली आला.

जानेवारीत खरेदीखत झालं. माईंसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात गृहभेटीचा अर्ज केला. नोंदणी कायद्याच्या कलम ३१ मध्ये ती सोय आहे आणि फारच थोडे लोक ती वापरतात. अधिकारी तीन मजले चढून आले, धापा टाकत बसले, पाणी प्यायले आणि माईंना एकेक प्रश्न विचारला. विकायचंय? किंमत कळली? पैसे कुठे जाणार? तिसऱ्या प्रश्नाला माईंनी उशाखालचं स्वतःचं पासबुक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. अंगठा तर डाव्याच हाताचा लागतो.

यानंतर विक्रीच्या नफ्यावरचा कर, आणि कराने भावंडांत पुन्हा ठिणगी पाडली. १ एप्रिल २००१ ची किंमत ११ लाख धरली. २००१-०२ चा महागाई निर्देशांक १००, २०२४-२५ चा ३६३, म्हणजे वाढीव खरेदी किंमत ३९.९३ लाख आणि २० टक्क्यांनी कर १४.४१ लाख. निर्देशांक न लावता १२.५ टक्क्यांनी १२.६३ लाख. दुसरा मार्ग स्वस्त पडला. दोघांचा निम्मा निम्मा, उपकर धरून, अधिभार सोडून, प्रत्येकी साडेसहा लाखांच्या घरात. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ईसी खालच्या बाँडमध्ये प्रत्येकी ५० लाखांपर्यंत गुंतवले तर हा कर जवळपास सगळा वाचत होता. व्याज सव्वापाच टक्के, पाच वर्षं पैसे अडकलेले.

माईंनी त्यांच्या हिश्शातले ५० लाख बाँडमध्ये घातले. त्यांचा निर्णय, त्यांना दोनदा समजावून सांगून. अण्णांच्या हिश्शासाठी मी उलट सल्ला दिला: कर भरा, पैसा मोकळा ठेवा. मधला भडकला, साडेसहा लाख सरकारला फुकट! कागदावर त्याचं बरोबर होतं. पाच वर्षांचा ताळेबंद मांडला तर बाँडच सरस ठरतात. पण ८२ वर्षांच्या अण्णांना पाच वर्षांनंतरच्या फायद्याचं काय करायचं? तो फायदा वारसांचा. अण्णांची गरज पुढच्या महिन्याची, आणि पालकाने बघायची ती तेवढीच. ठेवीत ४५ लाख गेले, साडेसात टक्क्यांनी महिन्याला २८ हजार. माईंच्या बाँडचे सरासरी २२ हजार, पेन्शन ३८ हजार, मुदलातून २५ हजार. नव्या जागेचं भाडं २६ हजार धरून खर्च १ लाख १६ हजार. जेमतेम तीन हजार कमी पडतात. ते आता तिघं भावंडं देतात, मधला वर्षाचे आगाऊ.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बँकेच्या शाखेने. पालकाने चालवायचं खातं म्हटल्यावर समोर आलेल्या फॉर्ममध्ये एकच रकाना होता, अज्ञान मुलाची जन्मतारीख. १९४२ लिहिल्यावर संगणक ते घेईना. आदेशाची प्रमाणित प्रत मुख्य कार्यालयाच्या विधी विभागात जाऊन येईपर्यंत खरेदीदाराचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) थोरलीच्या कपाटात पडून होता. आयकराच्या पोर्टलवर प्रातिनिधिक करदाता म्हणून नोंदणी मात्र तुलनेने सुरळीत झाली.

पहिला सहामाही हिशेब सादर झाला आहे. प्राधिकरणाने एक शंका काढली: फिजिओथेरपिस्टच्या पावत्या नाहीत. तेव्हापासून ते पैसे यूपीआयने जातात. आदेश अण्णांपुरता आहे आणि अण्णांबरोबर संपेल. उरलेली ठेव वारसा कायद्याने जाईल. माईंची समज उद्या गेली तर नवा अर्ज करावा लागेल, कारण त्यांनी आज दिलेलं मुखत्यारपत्रही तेव्हा टिकणार नाही. त्यांनी तेवढ्यात मृत्युपत्र करून घेतलं, अंगठ्याचं, दोन डॉक्टर साक्षीदार घालून. सोसायटीने यंदा पुनर्विकासासाठी सल्लागार नेमला. विकासक अजून ठरलेला नाही, आणि मधला दर महिन्याला त्याची चौकशी करतो.